टर्कीची काडतुसं: लाँग बिअर्ड एक्सआर घ्यावं की हेवीवेट टीएसएस?

अमेरिकेत वसंतातला टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की दुकानात दोन नावं हटकून समोर येतात. विंचेस्टरचं लाँग बिअर्ड एक्सआर शिशाच्या छर्ऱ्यांचं, फेडरलचं हेवीवेट टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) टंगस्टनच्या. एका टीएसएस काडतुसाच्या पैशात शिशाची तीन-चार सहज येतात. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. बारा बोअर वापरणाऱ्याला हा जादा खर्च बहुतेक वेळा नको. वीस बोअरवाल्याने मात्र तो जरूर करावा.

टर्कीच्या अंगावर नेम धरत नाहीत. दाट पिसं आणि छातीचं जाड मांस छर्रे अडवतं, पक्षी जखमी होऊन निसटतो. लक्ष्य फक्त डोकं आणि मान. तेवढ्या चिंचोळ्या जागेत मेंदूला किंवा मणक्याला चार-पाच छर्रे लागायला हवेत, म्हणून छर्ऱ्यांचा घोळका दाट हवा आणि प्रत्येक छर्ऱ्यात हाड फोडायचा जोर हवा.

लाँग बिअर्डचं तीन इंची बारा बोअर काडतूस 1¾ औंसाचं, वेग सेकंदाला 1200 फूट. छर्ऱ्याचा नंबर मोठा तितका छर्रा बारीक: 5 नंबरमध्ये साधारण 300 छर्रे बसतात, 6 नंबरमध्ये 390. शिसं मऊ, बार उडताना छर्रे एकमेकांवर दाबून चेपतात आणि चेपलेला छर्रा भरकटतो. इथे छर्ऱ्यांभोवती राळ ओतून घट्ट केलेली असते. बार उडाला की तिचा भुगा होतो आणि तोच छर्ऱ्यांना उशीसारखा सांभाळतो. तक्रार एकच: धक्का जबर आहे. साडेतीन इंचीच्या वाटेला तर जाऊच नये, खांदा चुकवायच्या नादात नेम जातो.

टीएसएसची घनता घन सेंटिमीटरला 18 ग्रॅमच्या आसपास, शिशाची 11. त्यामुळे 2 मिलिमीटरचा 9 नंबरचा टंगस्टन छर्रा 3 मिलिमीटरच्या 5 नंबर शिशाइतका आत घुसतो. वीस बोअरच्या 1½ औंसाच्या काडतुसात असे 540 छर्रे मावतात. म्हणजे हलकी बंदूक, आणि छर्रे बारा बोअरच्या शिशापेक्षा जास्त. पैसे वसूल होतात ते इथे.

पण डब्यावरचं वर्णन वाचून काही ठरत नाही. एकाच कंपनीच्या दोन नळ्या एकच काडतूस वेगवेगळं फेकतात, त्यामुळे कागदावर बार काढून पाहण्याला पर्याय नाही. आधी चोक, म्हणजे घोळका आवळण्यासाठी नळीच्या तोंडाशी बसवायचा अरुंद तुकडा, पक्का आवळा आणि दर दोन-तीन बारांनी तपासा. तो सैल होतो. टंगस्टनसारख्या कठीण छर्ऱ्यांसाठी तो चोक चालतो की नाही हे बनवणाऱ्याच्या सूचनेत बघा. जुन्या बंदुकीचं चेंबर (काडतूस बसायची जागा) पावणेतीन इंची असेल तर तीन इंची काडतूस घालायचं नाही. ते आत बसतं, म्हणूनच धोका.

नेम आधी स्वस्तातल्या हलक्या काडतुसांनी 20 यार्डांवर, टेकू देऊन जुळवा. गाल दस्त्यावरून उचलला गेला की मार वर जातो. टर्की हुकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मग 40 यार्डांवर तीन फुटी कागद लावा, मधे ठिपका काढा आणि प्रत्येक काडतुसाचे तीन बार वेगवेगळ्या कागदांवर टाका. घोळका जिथे सर्वांत दाट, त्याभोवती 10 इंची वर्तुळ काढून भोकं मोजा. मोजलेल्यावर मार्करची खूण करत जा, नाहीतर गल्लत होते. शंभर भोकं हा रूढ हिशेब शिशाचा. टीएसएसचे छर्रे मुळातच जास्त, तिथे शंभरावर खूश होऊ नका. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून तीन-चार इंच सरकला असेल तर दोष काडतुसाचा नाही, नेमाचा. माशीऐवजी रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) लावला की तो सुधारता येतो.

आकड्यापेक्षा मोकळ्या जागा बघा. पुठ्ठ्यातून टर्कीचं डोकं-मान खऱ्या मापात कापा आणि वर्तुळावर फिरवा. कुठेही ठेवलं तरी खाली पाच-सहा भोकं सापडली पाहिजेत. सापडत नसतील तर 5 नंबरऐवजी 6 वापरून बघा, किंवा चोक बदला. जास्त आवळ चोक म्हणजे जास्त दाट घोळका, असं मात्र नाही. एका मर्यादेपुढे शिशाचे छर्रे चेपतात आणि घोळका उलट फाटतो.

एक कागद 15 यार्डांवरही लावा. टीएसएसचा घोळका तिथे मोसंब्याएवढा असतो आणि डोकं हलवत आलेला नर एवढ्या जवळून साफ हुकतो. ज्याच्याकडे पक्षी नेहमी 25 यार्डांच्या आत येतात, त्याने टर्की चोक काढून साधा, कमी आवळ असा मॉडिफाइड चोक लावावा आणि लाँग बिअर्डवर भागवावं.

छर्ऱ्याचा नंबर आणि धातू यांवर राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, काही सरकारी जमिनींवर शिसं चालत नाही. ते डबा घेण्याआधी बघा. टीएसएसचा डबा पाचाचा येतो: चार कागदांवर, उरलेलं एक हंगामाला.