77 गिगाहर्ट्झचा ‘12 अँटेना’वाला रडार बोर्ड, आठ महिने वापरून

कंपनीचं नाव टाकणार नाहीये. शिव्या घालताना नाव घेतलं की लोक त्या कंपनीवरूनच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला, आणि तसंही ह्या वर्गातले बोर्ड सगळे एकाच वळणाचे असतात. तळहाताएवढा बोर्ड, एका टोकाला तांब्यात कोरलेले इवलेसे अँटेना, 76 ते 81 गिगाहर्ट्झ, यूएसबीची वायर, आणि डब्यावर ठसठशीत अक्षरात ‘12 चॅनेल मायमो’, मायमो म्हणजे पाठवणारे आणि घेणारे दोन्ही अँटेना एकाहून जास्त. मी घेतला तो अभ्यासासाठी, गाडीला बसवायला नाही, म्हणजे माझा रिव्ह्यू तसाच वाचा.

डबा उघडल्यावर पहिलं काम काय केलं तर अँटेना मोजले. 7 निघाले. शेजारी बसलेला मित्र म्हणतो, बदलून घे, पीस डिफेक्टिव्ह आहे. तो सॉफ्टवेअरवाला, त्याचा दोष नाही. 3 पाठवणारे म्हणजे टीएक्स आणि 4 घेणारे म्हणजे आरएक्स, आणि 3 गुणिले 4 बरोबर 12. हे 12 कुठे दिसत नाहीत, ते हिशोबात असतात, म्हणून त्यांना व्हर्च्युअल अँटेना म्हणतात. ऐकायला थाप वाटते पण नाहीये थाप.

कसं ते सांगतो, कारण ह्याच्यावरच पुढची सगळी स्तुती आणि सगळी रड अवलंबून आहे. 77 गिगाहर्ट्झला लहर साधारण 3.9 मिलिमीटरची. 4 आरएक्स अर्ध्या लहरीच्या अंतरावर, म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटरवर एकेक, ओळीत बसवलेत. समोरून तिरका प्रतिध्वनी आला की तो प्रत्येक आरएक्सला थोडा थोडा उशिरा पोचतो आणि त्या उशिराच्या फेजवरून, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठवर आलीये त्यावरून, दिशा कळते. आता दुसरा टीएक्स पहिल्यापासून बरोबर 2 लहरी बाजूला ठेवला तर त्याचा सिग्नल जातानाच तेवढा फरक घेऊन जातो, आणि आरएक्सना वाटतं की आपली अख्खी रांग उचलून शेजारी मांडली. चार खुर्च्यांची रांग, तिला लागून आणखी चार, झाल्या आठ. तिसरा टीएक्स अर्धी लहर वर चढवून ठेवलाय, तो उंचीचा अंदाज घ्यायला. म्हणजे आडव्या रांगेत 8 आणि वरच्या ओळीत 4. डब्यावर 12 लिहिलंय पण डावी-उजवी दिशा ओळखायला तुमच्या हातात 8 च, हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही, मॅन्युअलमध्ये एक आकृती आहे तिच्यावरून आपलं आपण काढायचं.

8 अँटेना अर्ध्या लहरीवर म्हणजे अँगल रिझोल्युशन साधारण 14 अंश. म्हणजे काय, तर 5 मीटरवर दोन माणसं शेजारी शेजारी, सारख्याच अंतरावर उभी राहिली तर मध्ये सव्वा मीटर जागा हवी, नाहीतर बोर्डाला तो एकच जाडजूड माणूस दिसतो. 10 मीटरवर अडीच मीटर. फक्त 4 खऱ्या आरएक्सवर हेच 28-29 अंश झालं असतं, तेव्हा एक जास्तीचा टीएक्स टाकून रिझोल्युशन दुप्पट, ही खरंच मोठी गोष्ट आहे, 4 आणखी रिसीव्हर, त्यांचे ॲम्प्लिफायर, सिग्नलचे आकडे करणारे एडीसी सगळं वाचलं. 2003 च्या सुमारास ब्लिस आणि फोर्सिथ ह्यांनी आणि मग 2007 मध्ये ली आणि स्टोइका ह्यांनी जे गणित कागदावर मांडलं ते आज चिपमध्ये बसून यूएसबीवर चालतंय, ह्या एका गोष्टीसाठी मी बोर्डाला पाचपैकी पाच देतो. डेमो लावला, समोर हात हलवला आणि स्क्रीनवर ठिपका डावीकडून उजवीकडे सरकला ना, तो पहिला दिवस मी विसरणार नाही.

आता दुसरी बाजू. हे 12 फुकट मिळत नाहीत. आरएक्सला कळायला पाहिजे ना की कुठला सिग्नल कुठल्या टीएक्सचा, आणि हा बोर्ड त्यावर सगळ्यात सोपा उपाय करतो, पाळीपाळीनं पाठवतो. पहिला चर्प, म्हणजे फ्रिक्वेन्सी चढत जाणारा सिग्नलचा एक तुकडा, टीएक्स एकचा, मग दोनचा, मग तीनचा, मग परत एक. टीडीएम म्हणतात त्याला. सोपं आहे, स्वच्छ आहे, आणि वेग मोजण्याची वाट लावतं. माझ्या सेटिंगमध्ये एक चर्प 60 मायक्रोसेकंदाचा, एकच टीएक्स वापरला तर ताशी 58 किलोमीटरपर्यंतचा वेग सरळ मोजता येतो, तिन्ही चालू केले की एकाच टीएक्सची पाळी यायला तिप्पट वेळ, म्हणजे वेगाची मर्यादा एक तृतीयांश, 19.5. त्याच्या पुढचा वेग गुंडाळून उलट्या बाजूनं येतो.

मला हे थिअरीत माहीत होतं. तरी एका संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बोर्ड लावला, भावाला सायकल घेऊन पाठवलं, म्हणलं जोरात ये. तो आला साधारण 25 च्या वेगानं आणि स्क्रीनवर काय, तर अंतर कमी कमी होतंय आणि वेग म्हणतोय ताशी 14 नं लांब चाललाय! माझा अर्धा तास चिन्ह कुठे चुकलं ते शोधण्यात गेला, कोडमध्ये अधिक-उणे बदलून बघितलं, मग चालणारी माणसं उलटी जायला लागली. शेवटी कागद घेतला, 19.5 ची दुप्पट 39, आणि 25 वजा 39 बरोबर उणे 14. हात दाखवून अवलक्षण. आणि एवढ्यावर भागत नाही, वेग चुकला की दिशाही चुकते, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये माणूस सरकलेला असतो. सेकंदाला 2 मीटर चालणारा माणूस 60 मायक्रोसेकंदात सरकतो 0.12 मिलिमीटर, जाणं-येणं धरून 0.24, ऐकायला किरकोळ पण 3.9 मिलिमीटरच्या लहरीत ते 22 अंश फेज झालं, आणि एक सोडून पुढच्या टीएक्सला 44. ही फेज वेगावरून काढून टाकावी लागते. डेमोचं फर्मवेअर ते स्वतः करतं, पण रॉ डेटा, म्हणजे हिशोब न केलेले कच्चे आकडे, घेतला की तुमचं तुम्ही, आणि मॅन्युअलमध्ये ह्याच्यावर एक वाक्य आहे, तेही फुटनोटमध्ये. एक वाक्य!

पाळी न लावता सगळे टीएक्स एकदम सोडायचे मार्ग आहेत, प्रत्येकाला प्लस-मायनसचा वेगळा कोड द्यायचा किंवा प्रत्येकाची फेज चर्पागणिक वेगळ्या टप्प्यानं फिरवून डॉप्लरमध्ये, म्हणजे वेगाच्या मापात, एकमेकांपासून बाजूला करायचे. माझ्या बोर्डात प्लस-मायनसची सोय आहे, पण उदाहरणाचा कोड फक्त दोन टीएक्सचा दिलाय. तिसऱ्याचं आपापलं बघा. अर्धा तारा इथेच कापला.

जाहिरातीतला दुसरा आकडा, ‘रेंज रिझोल्युशन 3.75 सेंटिमीटर’, म्हणजे मागेपुढे एवढ्या अंतरावरच्या दोन वस्तू सुट्या दिसतात. खरा आहे, 4 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला तर तेवढंच येतं, मी दोन पत्रे मागेपुढे ठेवून तपासलं. फक्त चर्पामागे 256 सॅम्पल घेतली तर 256 गुणिले 3.75, म्हणजे 9.6 मीटर, तिथे तुमचं जग संपलं. लांबचं बघायचंय तर पट्टा 1 गिगाहर्ट्झवर आणा, मग 38 मीटर, पण रिझोल्युशन 15 सेंटिमीटर. सायकलचा प्रयोग मी ह्याच सेटिंगवर केला होता. डब्यावर मात्र बारीक रिझोल्युशन आणि लांब रेंज दोन्ही शेजारी शेजारी छापलंय, जसं काय दोन्ही एकाच वेळी मिळणार.

कॅलिब्रेशनबद्दल बोललो नाही तर रिव्ह्यू अपुरा. 12 चॅनेलच्या फेज कारखान्यातून एकसारख्या येत नाहीत, त्या जुळवाव्या लागतात, त्यासाठी समोर बरोबर शून्य अंशावर कॉर्नर रिफ्लेक्टर, म्हणजे आलेला सिग्नल आल्या दिशेला परत फेकणारा पत्र्याचा कोपरा, ठेवायचा, प्रत्येक चॅनेलला किती फेज आली ते लिहून ठेवायचं आणि तेवढी वजा करायची. रिफ्लेक्टर बोर्डासोबत येत नाही, तीन काटकोन त्रिकोणी पत्रे जोडून मी घरीच केला, 10 सेंटिमीटर कडेचा. एवढासा दिसतो पण 77 गिगाहर्ट्झवर तो रडारला 27 चौरस मीटरचा वाटतो, माणूस त्याच्यापुढे काहीच नाही. काटकोन मात्र चोख लागतो, माझा पहिला जरा वाकडा झाला होता आणि मी दोन दिवस बोर्डाला दोष देत बसलो.

मग अक्कल पाजळून बोर्डाला धुळीपासून वाचवायला प्लास्टिकच्या डबीत बंद केलं. झाकण 3 मिलिमीटरचं. सगळं कॅलिब्रेशन पाण्यात! समोर ठेवलेला रिफ्लेक्टर बाजूला सरकलेला, शिवाय जवळच्या अंतरावर खोटा ठिपका कायमचा मुक्कामाला. प्लास्टिकमध्ये लहर आखडते, पॉलिकार्बोनेट असेल तर अर्धी लहर होते साधारण 1.2 मिलिमीटर, आणि झाकणाची जाडी ह्याच्या पटीत नसली की समोरच्या आणि मागच्या बाजूवरून परतणारं एकमेकांना मारत नाही. मला 2.4 चं झाकण हवं होतं. ते बसवल्यावर परत झाकणासकट कॅलिब्रेशन केलं, मग जाग्यावर आलं. बोर्ड चालू राहिला की चांगलाच तापतो, म्हणून पहिली दहा मिनिटं तसाच चालू देऊन मगच कॅलिब्रेशन करायचं हेही अनुभवानं शिकलो.

वायरलेसवाल्यांसाठी एक गंमत. मी मुळात कम्युनिकेशनकडून आलेला, पॉलराज आणि कैलाथ ह्यांचं 1994 चं पेटंट, फोशिनी, अलामौती ह्या मायमो-वायरलेसवाल्यांच्या वाटेनं. तिथे 3 पाठवणारे 4 घेणारे असले तर एका वेळी जास्तीत जास्त 3 स्वतंत्र डेटाचे प्रवाह, 12 नाही, आणि ते 3 मिळायलाही भिंती, कपाटं, माणसं सगळीकडून सिग्नल उसळत यायला पाहिजे. वायफायला खोलीतला पसारा आवडतो. रडारला तोच पसारा नको असतो. माझ्या खोलीत मागे लोखंडी कपाट आहे, मी एकटा चालत असलो तरी स्क्रीनवर दोघं, एक मी आणि एक कपाटातून डोकावणारा माझा भाऊबंद, माझ्याबरोबरच थांबतो माझ्याबरोबरच निघतो. म्हणलं दिशा काढायला साध्या एफएफटीऐवजी (फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं नेहमीचं गणित) म्युझिक अल्गोरिदम लावू, श्मिटचा, सगळे त्याचीच तारीफ करतात, 14 अंशांच्या आतलेही दोन सुटे करतो म्हणून. लावला, आणि ठिपके सुटे व्हायच्या ऐवजी नाचायला लागले, कारण कपाटावरून येणारा प्रतिध्वनी माझाच, दोन्ही एकमेकांशी बांधलेले, आणि असे बांधलेले सिग्नल म्युझिकला वेगळे करता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे 8 च्या रांगेतून 5-5 च्या चार उपरांगा काढून त्यांची सरासरी घ्यायची. ठिपके शांत झाले, पण मग हातात 5 च अँटेना उरले की! 12 वरून 8, 8 वरून 5. डबा अजून 12 च म्हणतोय.

रॉ डेटा घ्यायला वेगळं कॅप्चर कार्ड लागतं, ते बोर्डाबरोबर येत नाही, हे ऑर्डर करण्याआधी बघा, मी नाही बघितलं. माझ्या सेटिंगला एक फ्रेम दीड एमबीची, सेकंदाला 20 फ्रेम, म्हणजे मिनिटाला साधारण 1.8 जीबी. डेटा इथरनेटवरून यूडीपीनं येतो, मध्ये एखादं पॅकेट हरवलं तर परत मागायची सोय नाही, आणि तेवढी जागा शून्यांनी भरली नाही तर पुढचे सगळे नमुने सरकतात, मग आरएक्स दोनचा डेटा एकच्या खात्यात. लॅपटॉपवर मागे काही अपडेट चालू झालं की हे हमखास व्हायचं. आता रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, सगळ्या विंडो बंद, मी पण गप्प.

सपोर्टवाल्यांना पाच वेळा लिहिलं. दोनदा नीट उत्तर आलं, दोनदा त्याच मॅन्युअलची लिंक, एकदा काहीच नाही. चालायचंच.

अभ्यासाला, थिसिसला, ॲरे प्रोसेसिंग हातानं शिकायला घेत असाल तर डोळे झाकून घ्या, चार तारे. खोलीत कोणी आहे का नाही एवढंच बघायचं असेल तर इतका उपद्व्याप कशाला, छोटा 60 गिगाहर्ट्झचा मॉड्यूल घ्या. आणि वेगानं येणाऱ्या वस्तू पकडायच्या असतील तर दोनच टीएक्स चालू ठेवा, तिसरा बंद. उंची कळणार नाही पण वेगाची मर्यादा 29 पर्यंत जाते, भावाची सायकल त्यात बसते. परवा त्याला परत पाठवला, ह्या वेळी सरळ आला.