गजकर्णाला काय लावायचं: खाजेची ट्यूब, साधं मलम की गोळ्या?

एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि घाम जांघेत, काखेत, परकराच्या नाडीखाली मुरत राहतो. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीत दिवसभर ओल्या कपड्यांनी काम चालतं. याच दिवसांत अंगावर कडेला लाल, मध्ये फिकट असा गोल चट्टा उठतो, रात्री खाजवून झोप येत नाही. मग माणूस मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "खाजनी ट्यूब दे भो." त्या काउंटरवर जे ठरतं, त्यावर पुढचे सहा महिने कसे जाणार हे बरंचसं अवलंबून असतं. म्हणून समोरचे पर्याय नीट पाहून घ्या.

सगळ्यात जास्त खपते ती मिश्र ट्यूब. एकाच नळीत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड. मागच्या बाजूला बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यातलं एखादं नाव दिसलं, की ती ही ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, म्हणून लोक तिच्यावर विश्वास टाकतात. पण गजकर्ण ही बुरशी आहे, आणि स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. ते कातडीची प्रतिकारशक्ती दाबतं. वरून चट्टा शांत दिसतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो, मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. जंतूंच्या औषधाचा तर बुरशीवर काहीच परिणाम नसतो.

जांघेतली कातडी मुळात पातळ. तिथे महिनोन् महिने क्लोबेटासॉल लावलं, तर गरोदरपणानंतर पोटावर पडतात तसे पांढरे-लाल ओरखडे पडतात, आणि ते आयुष्यभर जात नाहीत. तरण्याताठ्या पोरांच्या मांड्यांवर असे ओरखडे पाहिले की जीव तुटतो, कारण हे सगळं टाळता आलं असतं. चेहऱ्यावर लावलं तर लाली, पुरळ, लव वाढणं. शिवाय चट्ट्याची गोल कडच पुसली जाते, त्यामुळे डॉक्टरांनाही तो पटकन ओळखू येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मागितली की मिळतात.

दुसरा पर्याय साध्या मलमाचा. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन यांपैकी एकच औषध, स्टिरॉइड नाही. याचा गुण सावकाश येतो. पहिल्या आठवड्यात खाज थोडीच कमी होते आणि तिथेच माणूस कंटाळून मिश्र ट्यूबकडे वळतो. मलम फक्त चट्ट्यावर लावून भागत नाही. कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं, कारण बुरशी तिथे पोचलेली असते. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं.

किती लागतं याचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चार तळहातांएवढ्या चट्ट्यावर दिवसातून दोनदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते. एक-दोन लहान, नवे चट्टे असतील तर माझ्या मते हाच मार्ग धरावा. पाठ-कंबर-मांड्या सगळं व्यापलं असेल, तर नुसत्या मलमावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

तेव्हा गोळ्या लागतात. डोक्यातल्या किंवा नखांतल्या बुरशीला, वारंवार परतणाऱ्या चट्ट्यांना आणि स्टिरॉइड लावून बिघडलेल्या कातडीलाही बहुतेक वेळा त्याच लागतात. पूर्वी टर्बिनाफिनच्या दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी काम भागायचं. आता भारतभर पसरलेली बुरशी वेगळी आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, आणि तिच्यावर टर्बिनाफिन पुष्कळदा चालतच नाही. म्हणून डॉक्टर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात, त्याही अनेकदा महिना-दोन महिने. त्या भरल्या पोटी घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की हे औषध नीट शोषलंच जात नाही. हृदय कमजोर असेल, यकृताचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर या कॅप्सूल मुळीच आणू नका. मलमाच्या तुलनेत इथे जोखीम जास्त आहे, म्हणून डॉक्टर हवाच.

लिंबू, लसूण चोळणं मी पर्यायांत धरत नाही. लसणाने कातडी भाजते, आणि भाजलेल्या कातडीवर पुढे कुठलंच मलम सोसत नाही.

औषध कुठलंही घ्या, घरात ज्याला-ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी सुरू करा. नाहीतर ती बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. टॉवेल वेगळे, आतले कपडे रोज धुतलेले आणि उलटे करून उन्हात वाळवलेले. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

मिश्र ट्यूब महिनोन् महिने लावून झाली असेल, तर आता नवी ट्यूब शोधू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जा आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबची खोकी सोबत न्या. चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते कळतं.

दोन खुणा मात्र वेगळ्या. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात सगळ्यांनाच त्रास, म्हणजे बहुधा खरूज. तिला पर्मेथ्रिनचं मलम लागतं, मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. आणि चट्टा फिकट असेल, खाजत नसेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर कुठलीच ट्यूब न लावता थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत सुरू केलं तर हातापायांचं व्यंग टळतं.