इंदुरात घरी येऊन व्हीआर दाखवणारी सर्विस: आईंसाठी चार सेशन घेतली, त्याचा अनुभव

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, तीन वर्षांपूर्वी अल्झायमर निघाला, आता त्या ७९ च्या आहेत. मागच्या महिन्यात आम्ही सुदामा नगरला घरीच बोलावून त्यांच्यासाठी व्हीआरची, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आपण दुसऱ्याच जागी आहोत असं वाटायला लावणाऱ्या व्हर्च्युअल रिअॅलिटीची, चार सेशन घेतली. ओळखीतले बरेच जण विचारतायत की फायदा झाला का, सगळ्यांना तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. सर्विसचं नाव टाकत नाहीये, कारण दोन गोष्टींवर मी नाराज आहे, पण जो मुलगा येतो तो फार मनापासून करतो आणि माझ्या लिहिण्याचा त्याला त्रास व्हायला नको.

एक मुलगा हेडसेट घेऊन येतो, पाऊण तास थांबतो, त्यातली दहा-बारा मिनिटं प्रत्यक्ष डोळ्यांवर. एका सेशनचे ९०० रुपये. डोळ्यांवर चढवलं की चारी बाजूंना चित्र, मान वळवाल तिकडे दिसतं. आईंना काय दिसतंय ते त्याच वेळी त्याच्या मोबाईलवर आपल्यालाही दिसतं, आणि हे फार गरजेचं आहे, नाहीतर त्या कशाला "अय्या" म्हणाल्या ते आपल्याला कळणारच नाही.

पहिलं सेशन फसलं. त्याने समुद्राच्या आतलं लावलं, मासे, कासव, निळं निळं पाणी, मला मोबाईलवर बघूनच छान वाटत होतं आणि आईंनी पटकन दोन्ही पाय वर घेतले, साडी सावरली आणि म्हणाल्या "अगं पाणी आलं घरात, गहू उचला". मी लगेच काढायला लावलं. नंतर दिवसभर त्या मधूनमधून फरशीकडे बघत होत्या. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला माहीत असतं की हे खोटं आहे, डोळ्यांवर डबा आहे, तो काढला की संपलं. ज्या माणसाच्या मेंदूतलं हे मागचं भानच पातळ झालंय त्याच्यासाठी पाणी म्हणजे पाणीच. मुलाची चूक म्हणणार नाही, त्याच्या यादीत तेच पहिलं होतं. पण यादी बनवणाऱ्यांनी विचार करायला हवा होता, ही माझी पहिली नाराजी.

दुसऱ्या वेळी घाट लावला, नदीवरून कॅमेरा सरकत जातो असा. दोन मिनिटांत म्हणाल्या गरगरतंय. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि या भांडणात पोटात ढवळतं. तरुणांनाही होतं, म्हाताऱ्या माणसाचा तोल आधीच कमी, उठून उभ्या राहिल्या तर पडायची भीती. म्हणून कॅमेरा एका जागी स्थिर असलेलाच व्हिडिओ लावायला सांगा, आणि खुर्ची हातांची हवी, चाकांची गोल फिरणारी नको. फिटचे झटके येत असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.

हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो, आणि ते सगळं पुढच्या बाजूला. आईंचा अंबाडा पट्ट्यात अडकत होता, दुसऱ्या वेळेपासून मी आधीच वेणी सैल घालून ठेवायची. चष्म्यावरून बसतं पण वाफ धरते. कानातलं मशीन पट्ट्याला लागून शिट्टी मारायचं, शेवटी ते काढून आवाज मोठा केला. मुलगा दरवेळी पुसून, नवीन कागदी कव्हर लावून देतो, त्याबद्दल पूर्ण मार्क.

तिसऱ्या वेळी आईंनी सरळ नाही म्हटलं. "आज नको रे बाळा." मुलगा लगेच थांबला, आग्रह नाही, त्यांच्याशी पोह्यांवर गप्पा मारल्या आणि गेला, मला फार बरं वाटलं. पण ऑफिसने पैसे पूर्ण कापले. या आजारात माणूस त्या दिवशी हो म्हणेल की नाही हे कोणाच्या हातात नसतं, तेव्हा अर्धे तरी सोडायला हवेत. ही दुसरी नाराजी.

आता चौथं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये मी त्या मुलाला विचारलं, आपला स्वतःचा व्हिडिओ चालेल का, तो म्हणाला काकू का नाही. दिराच्या मुलाकडे ३६० वाला, म्हणजे चारी बाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा आहे, तो पहाटे साडेपाचला इंदूरच्या जुन्या राजवाड्यावर गेला, गर्दी नसताना. पहिल्यांदा स्टँड त्याच्या उंचीचा ठेवला आणि घरी मी बसून बघितलं तर स्टुलावर उभं राहून बघितल्यासारखं, पायाखाली जमीन फार खाली. मग दुसऱ्या दिवशी परत गेला आणि बसलेल्या माणसाचे डोळे जिथे येतात तिथे, चार फुटांच्या आत कॅमेरा ठेवून दहा मिनिटं नुसता तिथेच सोडला. जो कोणी स्वतः काढेल त्याने हे लक्षात ठेवा.

आईंनी आधी ओळखलंच नाही. दोन मिनिटं नुसती मान इकडे तिकडे. मग सात मजली दरवाज्याकडे बघत बसल्या, खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि बोट वर करून म्हणाल्या "झांकी इथून वळते." अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या कापड मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले गाडीवरचे देखावे, इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते, १९९१ ला मिल बंद पडेपर्यंत. आई बोलतच सुटल्या, की हे झांकीच्या लायटिंगला असायचे, आठ आठ दिवस घरी फक्त अंघोळीला, डबा मी मिलच्या गेटवर द्यायची आणि वॉचमन म्हणायचा भाभी आज भी भरवां करेले. आणि एका वर्षी झांकी राजवाड्यासमोर आली आणि एका बाजूचे सगळे दिवे गेले, तर हे चालत्या गाडीवर चढले, आणि मी कडेवर बाळाला घेऊन डोळेच मिटून घेतले. कडेवरचं बाळ म्हणजे माझा नवरा. तो शेजारी उभा होता, त्याने ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

हेडसेट अकराव्या मिनिटाला काढला. बोलणं पुढे अर्धा तास चाललं, आणि माझ्या मते ९०० रुपये त्या अर्ध्या तासाचे आहेत. म्हणून मुलगा वस्तू आवरायला लागला तरी टीव्ही लावू नका, फोन उचलू नका, समोर बसा.

पण एक जड गोष्टही झाली. मध्येच त्यांनी विचारलं, "हे अजून कसे आले नाहीत?" सासरे जाऊन चौदा वर्षं झाली. पूर्वी मी अशा वेळी खरं सांगून टाकायची आणि त्या दरवेळी नव्याने रडायच्या, जणू आत्ताच कळलंय. आता सांगत नाही. मी हात धरला आणि म्हटलं लायटिंगचं काम फार बारीक असेल ना हो, तर त्या परत तारा आणि बल्बकडे वळल्या. ज्यांच्या घरी जवळचं माणूस गेलंय त्यांनी या प्रश्नाची तयारी ठेवूनच जुनी जागा दाखवावी.

हे का चालतं तेही थोडं लिहिते. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर बिघडतो, जो नवीन आठवण पक्की करतो, म्हणून सकाळचा चहा झालेला आठवत नाही पण तरुणपणीचं बरंच शाबूत असतं. जुन्या वस्तू, फोटो, गाणी दाखवून बोलतं करायचं ही पद्धत व्हीआरच्या कितीतरी आधीची आहे, रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्येच लिहिलं होतं की म्हातारपणी मागचं आठवत बसणं हे काही बिघाडाचं लक्षण नाही. व्हीआरने फक्त अल्बममधल्या चित्राच्या आत नेऊन बसवलं. तिकडे अमेरिकेत वृद्धांच्या वसाहतींमध्ये सगळ्यांना एकत्र असं दाखवणाऱ्या कंपन्या आहेत, बॉस्टनकडची रेंडेव्हर २०१६ पासून हेच करते. आपल्याकडे २०२३ च्या अभ्यासात साठीच्या वरच्यांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज आला, आणि त्यातल्या बहुतेकांकडे बोलायला कोणी बसत असेल का, मला नेहमी हाच विचार येतो.

सर्विसच्या माहितीपत्रकात "स्मरणशक्ती परत येते" असं छापलंय, त्यावर विश्वास ठेवू नका. आजार याने थांबत नाही, परतही जात नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना ना तो मुलगा आठवत होता ना राजवाडा. पण त्या संध्याकाळी, जेव्हा रोज "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी येरझाऱ्या असतात, त्या गॅलरीत बसून सेव निवडून निवडून खात होत्या आणि मला विचारलं, "तू जेवलीस का गं?" असं त्यांनी मला सात-आठ महिन्यांत विचारलं नव्हतं.

मला विचाराल तर पाचपैकी साडेतीन. मुलाला पाच, यादीला दोन. घ्यायचं असेल तर आधी एकच सेशन घ्या, पॅकेज नको, आणि सकाळी अकराच्या आसपासची वेळ मागा, संध्याकाळी अजिबात नाही, संध्याकाळी हे लोक आधीच बावरलेले असतात. हेडसेट काढताना घरच्या माणसाने हात धरून नाव घेऊन बोलत राहायचं, अचानक काढला तर "आपण इथे कधी आलो" असं होतं. आमचं पुढचं सेशन अनंत चतुर्दशीनंतर ठेवलंय, पुतण्या यंदा झांक्यांच्या रात्री राजवाड्याजवळ ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर कॅमेरा ठेवणार आहे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर.