नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान : आधी बाजार, मग वाडा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात त्याच नावाच्या नदीच्या काठी उंच कड्यावर वसलेले नॅचेझ हे पंधरा हजारांहून कमी वस्तीचे गाव आपला इतिहास पर्यटकांना दोन पद्धतींनी दाखवते. एक पद्धत खासगी वाड्यांची आहे. स्थानिक महिलांच्या बागकाम मंडळांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या ‘पिलग्रिमेज’ या वार्षिक वाडेदर्शनामुळे ती रूढ झाली. दुसरी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेची असून, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात गावभर विखुरलेल्या जागा तिने एका व्यवस्थेखाली आणल्या आहेत. ज्यांना येथे एकच दिवस काढता येईल त्यांनी तो उद्यानाला द्यावा, आणि त्यातही फोर्क्स ऑफ द रोड ही जुन्या गुलाम बाजाराची जागा आधी पाहून मगच मेलरोज या वाड्याकडे वळावे, असे माझे मत आहे.

फोर्क्स ऑफ द रोड येथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. रस्त्यांच्या फाट्यावरचा गवताचा तुकडा, माहितीफलक आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या बेड्या एवढेच तेथे दिसते. सावली नाही आणि वाहनांचा आवाज सतत येत राहतो. तरीही न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल अमेरिकेच्या दक्षिणेतील सर्वांत मोठ्या गुलाम बाजारांपैकी एक येथे भरत असे. १८३३ मध्ये पटकीच्या साथीनंतर व्यापाऱ्यांना गावाच्या हद्दीबाहेर जावे लागले आणि ते हद्दीला लागूनच येथे स्थिरावले. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून आणलेल्या माणसांचा येथे सहसा लिलाव होत नसे. दुकानात मालाची घासाघीस करावी तसे सौदे होत. १८६३ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांनी गाव ताब्यात घेतल्यावर हा बाजार संपला. फलकांवरील मजकूर नेमका आणि संयत आहे, मात्र प्रत्यक्ष माणूस समजावून सांगायला असता तर जागेला अधिक न्याय मिळाला असता.

एवढे वाचून मेलरोजला गेल्यावर तो वाडा वेगळा दिसतो. वकील आणि मळेवाला जॉन मॅकमरन याने १८४०च्या दशकात बांधलेल्या या घरात मूळचे बरेच सामान टिकून आहे. भोजनगृहात टेबलावर टांगलेला मोठा लाकडी पंखा मराठी पाहुण्याला चटकन ओळखू येईल, कारण साहेबांच्या बंगल्यांतील दोरीने ओढायच्या पंख्याचाच तो प्रकार आहे. येथे दोरी गुलाम मुलाच्या हाती असे, हे उद्यानाचे मार्गदर्शक आडवळण न घेता सांगतात. याउलट एका खासगी वाड्यात आमच्या मार्गदर्शकाने चांदीच्या भांड्यांवर बराच वेळ खर्च केला आणि गुलामांचा उल्लेख सरसकट ‘नोकर’ असा केला; त्या तिकिटाचे पैसे मला वाया गेल्यासारखे वाटले.

उद्यानातील सर्वांत अवघड, म्हणूनच सर्वांत मोलाची जागा म्हणजे विल्यम जॉन्सनचे विटांचे घर. गुलाम म्हणून जन्मलेला आणि बालपणी मुक्त झालेला हा न्हावी गावातील प्रतिष्ठित व्यावसायिक झाला, १८३५ पासून १८५१ मध्ये खून होईपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला, आणि स्वतःही गुलाम बाळगत होता. त्याच्या मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही, कारण आरोपी स्वतःला गोरा म्हणवत होता आणि गोऱ्याविरुद्ध काळ्या साक्षीदारांची साक्ष कायद्याला मान्य नव्हती. प्रदर्शनात ही गुंतागुंत सोपी करून टाकलेली नाही.

१७१६ च्या फ्रेंच फोर्ट रोझालीची जागा धावती पाहिली तरी चालेल. लाँगवूड हा अष्टकोनी वाडा उद्यानाचा भाग नाही, पण तो चुकवू नये. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच कारागीर उत्तरेला परतले आणि फक्त तळमजला पूर्ण झाला. याच युद्धाने दक्षिणेचा कापूस अडला, वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला भाव आला आणि मुंबईत १८६५ मध्ये फुटलेला शेअरांचा फुगा फुगला. मराठी वाचकाला हा वाडा म्हणूनच परका वाटू नये.

मेलरोजचे आवार विनाशुल्क पाहता येते, पण घरात मार्गदर्शकासोबतच जावे लागते, तेव्हा वेळा आधी पाहून ठेवाव्यात. जागा एकमेकींपासून दूर असल्यामुळे स्वतःचे वाहन हवे, आणि उन्हाळ्यात फोर्क्स ऑफ द रोड सकाळीच उरकावे.