ग्रातँसाठी बेशामेल की वलूते, मी काय ठेवलं

ग्रातँ म्हणजे सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये वरून खरपूस केलेला पदार्थ. बेशामेल आणि वलूते या दोन्ही सॉसची सुरुवात एकच, बटरमध्ये मैदा परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही, त्यामुळे ते सांगत बसत नाही. पुढे दूध ओतलं की बेशामेल, स्टॉक (हाडं उकळून गाळलेलं पाणी) ओतला की वलूते.

उत्तर फ्रान्समध्ये लीलला दोन हिवाळे काढले, तिथे घरोघरी आँदीव्ह (कडसर पानांची भाजी) हॅममध्ये गुंडाळून, वर पांढरा सॉस आणि ग्रुयेर चीज घालून ओव्हनमध्ये ठेवतात. तिकडे आँदीव्हला शिकों म्हणतात. रीत बेशामेलचीच, पण मला तो जड वाटायचा म्हणून मी वलूते करायला लागलो. आकडे बघितले तर ते चुकीचंही नव्हतं, 40 ग्रॅम बटर, 40 ग्रॅम मैदा आणि अर्धा लिटर साडेतीन टक्के फॅटचं दूध म्हणजे साधारण 750 कॅलरी, दुधाऐवजी स्टॉक घेतला तर 450च्या आसपास. अर्थात दुधातलं 600 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 16 ग्रॅम प्रोटीनही त्याबरोबर जातं.

पण माझं घोडं अडलं स्टॉकपाशी. कामावरून येऊन कोंबडीची हाडं दोन-तीन तास उकळत कोण बसणार, मग तयार स्टॉक क्यूब आला, आणि क्यूब म्हणजे मीठच. त्यात सॉस आटवायचा, आत हॅम खारट, वर चीज खारट, मी वरून चिमूटभरही मीठ घातलं नाही तरी दोनदा अख्खा ट्रे कुणी खाऊ शकलं नाही. कमी मिठाचा क्यूब आणला तर चवच पाणचट, आणि आँदीव्हचा कडूपणा उलट पुढे आला. दुधाने तो कडूपणा मवाळ होतो, हे मला बेशामेलवर परत आल्यावरच कळलं.

बेशामेल तळाला लागतो हे खरं, जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच हवीच. साय धरू नये म्हणून बटर पेपर थेट सॉसवर टेकवून ठेवतो. जायफळ मात्र ताजं किसायचं. त्यातच ग्रुयेर घातलं की मोर्ने, शिजवून वाटलेला कांदा घातला की सुबीज. शिवाय हाडांचा स्टॉक नसल्याने फ्लॉवरचा ग्रातँ शाकाहारी पाहुण्यांनाही चालतो, चीजचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, प्राण्यांचंही असतं) तेवढं बघून घ्या.

ब्लाँकेत द व्हो, म्हणजे वीलचा (वासराच्या मांसाचा) पांढरा रस्सा, करणार असाल तर वलूतेच करा, तिथे वील शिजवलेलं पाणी हाताशी असतंच, ते टाकून दूध घालणं मलाही पटणार नाही. रविवारी घरी स्टॉक होत असेल तर कदाचित तुमचं गणित वेगळं येईल, आमच्याकडे मंगळवारी रात्री साडेसातला फ्रीजमध्ये दूधच असतं.