‘डीजेचे किती घेणार?’ नव्या पोराची लूट याच प्रश्नापासून सुरू होते

फोन साधारण असा येतो. “दादा, अठरा तारखेला हळद आहे, चाकणच्या पुढे. डीजेचे किती घेणार?” बोलणारा घरचा माणूस नसतो. मधला असतो, म्हणजे मांडववाला, कार्यालयाचा मॅनेजर नाहीतर स्वतःला इव्हेंटवाला म्हणवणारा कुणी. चार महिन्यांपूर्वी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन, घेतलेला मुलगा घाबरत म्हणतो, “पाच हजार.” समोरून लगेच उत्तर, “ठरलं. तारीख धरा.” घासाघीस नाही, इसार नाही, किती माणसं, किती वाजता, कसलाही प्रश्न नाही. मुलगा खूश.

त्या दिवशी तो लॅपटॉप आणि कंट्रोलर पाठीवर टाकून संध्याकाळी पाचला पोचतो, तर मांडवात स्पीकरच नाहीत. मधला म्हणतो, “म्हणजे? डीजे तुझाच ना?” घरचे लोक आधीच चिडलेले, पाहुणे यायला लागलेले. मुलगा धावपळ करून ओळखीच्या साउंडवाल्याला फोन लावतो. ऐनवेळी दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि दोन बेस (खालच्या सुरांचे) यांचं भाडं ९,००० आणि टेम्पोचे १,५०० लागतात. रात्री हातात पडतात ठरलेले ५,०००. खिशातले ५,५०० गेले ते गेलेच. पुढे आठवड्याने कळतं, की मधल्याने घरच्यांकडून ‘साउंडसकट डीजे’ म्हणून २२,००० घेतले होते. बोलणं सगळं फोनवर झालेलं, त्यामुळे मुलाकडे दाखवायला एक ओळ नाही.

हा गैरसमज नव्हे. हा ठरवून टाकलेला डाव आहे आणि लग्नसराईत तो पुन्हा पुन्हा टाकला जातो. तो चालतो कारण आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दाचे एकाच वेळी तीन अर्थ होतात. एक म्हणजे गाणी वाजवणारा माणूस. दुसरा म्हणजे साउंड, ज्याला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे डॉल्बी म्हणतात. आणि तिसरा म्हणजे वरातीच्या ट्रकवर चढवलेली टॉप-बेसची अख्खी भिंत, लाइट आणि जनरेटरसकट. घरच्यांच्या मनात तिसरा अर्थ असतो, मुलाच्या मनात पहिला. मधल्याला दोन्ही माहीत असतात, आणि त्याची कमाई नेमकी त्या फटीत असते. म्हणून नव्याने आधी दर ठरवायचा नसतो. आपण काय विकतोय, ते आधी ठरवायचं असतं.

फोनवर आकडा सांगण्याआधी हे विचारून घ्या. जागा बंद हॉल आहे की उघडं लॉन? माणसं किती? साउंड कुणाचा? वाजवणं सुरू किती वाजता आणि बंद किती वाजता? लाइट कार्यालयाची की जनरेटर? उत्तरं मिळाली की दर तीन तुकड्यांत सांगा. वाजवण्याचे इतके, साउंड आणायचा असेल तर त्याचे इतके, लाइट-जनरेटर-टेम्पोचे इतके. जो माणूस तुकडे ऐकायला तयार नाही आणि “एकच फायनल आकडा सांग” म्हणतो, त्याला पुढे कुठेतरी दुसरा आकडा लावायचा आहे, असं धरूनच चाला.

आता वाजवण्याचे किती? बहुतेक नवे मुलं दुसरा काय घेतो ते बघतात आणि त्याच्याखाली हजार रुपये मागतात. पण दुसऱ्याची मशीन फिटलेली असते, साउंड घरचा असतो. आपला तळाचा आकडा आपणच काढावा लागतो. एक हिशोब उदाहरणादाखल मांडतो, त्यात स्वतःचे आकडे बसवा. कंट्रोलर ३५,०००, लॅपटॉप ६०,०००, हेडफोन ५,०००, वायरी, बॅग, पेनड्राइव्ह मिळून १०,०००. झाले १,१०,०००. हे सामान तीन वर्षं चाललं आणि नव्याला वर्षाला २५ कार्यक्रम मिळाले, तर ७५ कार्यक्रमांत ते वसूल व्हायला हवं, म्हणजे प्रत्येकी १,४६७. गाण्यांचं सभासदत्व आणि सॉफ्टवेअर महिना १,००० धरलं तर वर्षाचे १२,०००, कार्यक्रमामागे ४८०. जाण्यायेण्याचे ८००, सोबतच्या पोराचे ७००. इथेच ३,४४७ झाले, आणि यात तुमच्या मेहनतीचा रुपयाही नाही. चार तासांच्या कार्यक्रमासाठी दोन तास प्रवास, दीड तास जोडणी आणि तपासणी, एक तास आवरणं, तीन तास गाणी लावून ठेवणं आणि तासभर फोनाफोनी होते. म्हणजे साडेबारा तास. तासाला २०० जरी धरले तरी २,५००. बेरीज ५,९४७.

म्हणजे त्या मुलाने सांगितलेले पाच हजार साउंडचा घोळ झाला नसता तरी तोट्याचेच होते. मधल्याने लगेच ‘ठरलं’ का म्हटलं, ते या बेरजेत दिसतं.

तळाचा आकडा हा दर नव्हे. दाट तिथ्यांना, म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यानंतरच्या नाहीतर मे महिन्यातल्या मुहूर्तांना, त्यावर वाढ घ्यावी, कारण त्या दिवशी दुसरी सुपारी तुम्ही नाकारलेली असते. पहिले दोन-तीन कार्यक्रम कमी पैशात करायचे असतील तर जरूर करा, पण सवलत पूर्ण दर लिहून मग द्या. “माझे वाजवण्याचे ७,०००, हा पहिला कार्यक्रम म्हणून ४,५००” असं लिहिलं की पुढच्या वेळी बोलणी सात हजारांपासून सुरू होतात. नुसतं “साडेचार” म्हणालात, तर तुमचं नावच साडेचारवाला पडतं आणि पुढचे सहा महिने ते निघत नाही.

मधल्यांची आमिषं ठरलेली असतात. “पुढच्या सीझनला दहा कार्यक्रम देतो, हा एवढा कमीत कर.” दहा तारखा आत्ता सांगायला आणि प्रत्येकीचा थोडा इसार द्यायला सांगा, तो विषय बदलेल. “पार्टीकडून आले की देतो.” तुमचा व्यवहार मधल्याशी आहे, पार्टीने त्याला कधी दिले याच्याशी तुमचा संबंध नाही, आणि ते पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं. “मोठ्या ठिकाणी वाजवायला मिळेल, फक्त रजिस्ट्रेशनचे दोन हजार भर” किंवा “चाळीस तिकिटं खपव, मग स्टेज मिळेल.” काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर गिऱ्हाईक तुम्हीच आहात.

दहा टक्के कापून “टीडीएस आहे” म्हणणाराही भेटतो. कर खरोखर कापला असेल तर त्याने तुमचा पॅन मागितलेला असतो आणि ती रक्कम प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावाने जमा कर दाखवणाऱ्या पत्रकात दिसते. पॅन न विचारता कापलेले पैसे त्याच्या खिशात गेलेले असतात.

सगळ्यात जास्त पोरं हल्ली जिथे बुडतात, तो प्रकार वेगळा आहे. फोन करणारा म्हणतो, मी लष्करात आहे, कॅम्पमध्ये साहेबांची पार्टी आहे, डीजे हवा. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. दर विचारतो आणि एक रुपयाही कमी करायला सांगत नाही. मग म्हणतो, आमच्या हिशोब खात्याची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, आम्ही दहा परत करतो. दहा खरोखर येतात, विश्वास बसतो. मग तो १५,००० चा क्यूआर पाठवतो, “हा स्कॅन करून पिन टाका, इसार जमा होईल.” पिन टाकला की जमा काही होत नाही, पंधरा हजार जातात. लगेच म्हणतो, चूक झाली, परत स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील. घाबरलेला मुलगा पुन्हा पिन टाकतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं. दुसऱ्या तऱ्हेत “चुकून २०,००० आले, माझे इसाराचे दोनच होते, बाकीचे परत पाठवा” असा फोन येतो आणि सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज असतो. मेसेजवर जाऊ नका, बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. या लोकांची एक खूण पक्की आहे. ते गाण्यांबद्दल, वेळेबद्दल, जागेबद्दल काहीच विचारत नाहीत. खरा गिऱ्हाईक आधी विचारतो, “झिंगाट गाणी आहेत ना?” फसलात तर लाजून गप्प बसू नका. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासाभरातच जास्त असते.

कार्यक्रमाच्या रात्री लुटण्याच्या दोन जागा असतात. एक म्हणजे वेळ. “अजून दोनच गाणी” करत दीड तास फुकट जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. दहानंतर पोलीस आले की यजमान बाजूला होतात आणि जप्त होते ती मशीन. म्हणून वाढीव वेळेचा दर अर्ध्या तासाचा आधीच लिहा, तो सुरू करण्यापूर्वी घ्या आणि उघड्यावर दहानंतर कितीही पैसे दिले तरी वाजवू नका. परवानगी यजमानाची जबाबदारी, हेही लिहून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे ‘तुझ्यामुळे टॉप उडाला’. भाड्याचा साउंडवाला कार्यक्रम संपल्यावर म्हणतो, डायफ्रॅम (टॉपमधला थरथरणारा पडदा) गेला, तीन हजार दे, आणि मधला ते तुमच्या पैशातून कापतो. इथे काम कसं चालतं ते माहीत असेल तरच बोलता येतं. टॉप जळतो तो बहुधा सिग्नल छाटला गेल्याने. मास्टरचा, म्हणजे मुख्य आवाजाच्या मीटरचा, लाल दिवा सतत पेटत राहिला की लाटेचे माथे छाटले जातात, त्यातून वरच्या पट्टीतली जादा ऊर्जा तयार होते आणि टॉपमधल्या हॉर्नच्या ड्रायव्हरची कॉइल तापून जळते. हे तुमच्या कंट्रोलरवर होऊ शकतं, तसंच साउंडवाल्याच्या मिक्सरवर किंवा ताकद कमी पडलेल्या ॲम्प्लिफायरवरही होतं. जनरेटरचा व्होल्टेज २३० वरून १८० ला आला तर ॲम्प्लिफायर लवकर छाटायला लागतो. सुरुवात करण्याआधी सगळे टॉप एकेक करून वाजवून घ्या आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. प्लगवर साध्या मल्टीमीटरने व्होल्टेज बघा. वाजवताना आपलं मीटर हिरव्यात ठेवा, लाल लागू देऊ नका, आणि गर्दी भरात असताना मिनिटभर मीटरचा व्हिडिओ घेऊन ठेवा. त्या मिनिटाने पुष्कळांचे तीन हजार वाचले आहेत.

हमिंगचंही तसंच. डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या सुरुवातीच्या कंट्रोलरला मास्टर आउट (साउंडकडे जाणारी मुख्य जोडणी) फक्त आरसीएचा, म्हणजे घरच्या टीव्ही-डेकला असतो तसल्या साध्या पिनचा असतो. लांब वायर टाकली की घूंऽऽ आवाज येतो आणि “मशीनच फालतू” म्हणून पैसे कापले जातात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा आहे, मशीनचा नाही. ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वायरीच्या मधे जोडायची छोटी पेटी, टाकला की तो आवाज जातो. बॅगेत एक ठेवाच.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर असा मेसेज गेला पाहिजे: “अमुक तारीख, अमुक कार्यालय, हळदीचा कार्यक्रम. सायं. ५ ते ९, फक्त वाजवणं, लॅपटॉप आणि कंट्रोलर माझा. साउंड, लाइट, वीज, परवानगी आणि लागत असल्यास संगीताचं लायसन्स तुमच्याकडे. एकूण ७,०००. निम्मे आत्ता, त्याशिवाय तारीख धरलेली नाही. उरलेले वाजवण्यास सुरुवात करण्यापूर्वी. वाढीव अर्धा तास ८००, रात्री दहापर्यंतच. कार्यक्रमाला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केल्यास इसार परत नाही. मान्य असल्यास ‘मान्य’ लिहा.” तो ‘मान्य’ शब्द आणि निम्मे पैसे येईपर्यंत ती तारीख दुसऱ्याला मोकळी. “विश्वास नाही का?” असं विचारणारे असतात. मंगल कार्यालयाची पावती घेताना तेच लोक हा प्रश्न विचारत नाहीत.

संगीताच्या लायसन्सबद्दल एक सांगायला हवं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे. कंपनीची पार्टी किंवा तिकिटाचा कार्यक्रम त्यात येत नाही, आणि तिथे लायसन्स आयोजकाच्या नावाने, पावतीसह निघतं. गेटवर डीजेकडून पावतीशिवाय रोख ‘लायसन्स फी’ मागणाऱ्याला काही देऊ नका.

उरलेले पैसे बुडाले तर पोलीस बहुतेक वेळा “हे दिवाणी प्रकरण” म्हणून परत पाठवतात, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनची लबाडी दाखवावी लागते. चेक परत आला असेल तर मात्र हातात धारदार हत्यार आहे. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती समोरच्याला मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर महिनाभरात चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी बाजू लंगडी पडते, म्हणून मेमोवरची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि इव्हेंट कंपन्यांसाठी नियमित वाजवणार असाल तर काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. मग लेखी करार असला तरी कंपनीला ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं आणि छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली, तर तीही फसवणूकच.