आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) टिकलं तरच ओव्हरक्लॉक: अमळनेरातले आठ महिने

डिसेंबरात रात्र-रात्र जागून बसवलेलं ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर आणि रॅम मूळ वेगापेक्षा जास्त पळवणं) मे महिन्यात पार आडवं झालं. खान्देशात कुणी हा उद्योग करणार असेल तर त्याने आधी हे वाचावं.

माझं काम लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग. मशीन म्हणजे रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड आणि ३२०० ची डीडीआर४ रॅम, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. प्रोसेसर २०२० सालचा, सहा कोअरचा. नव्या पिढीचा घ्यायचा तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागणार, म्हणून म्हटलं आहे त्यातूनच काय निघतंय ते बघू. (विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्या अमळनेरात झाली, पण वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्यामुळे गावाच्या रक्तात कॉम्प्युटर वगैरे आहे असं समजू नका.)

पहिला धक्का फुकटात बसला. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर ३२०० ची रॅम दोन वर्षं २१३३ वर चालू होती. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी तयार सेटिंग, चालू करेपर्यंत रॅम तिच्या साध्या वेगावरच चालते, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एक्सएमपी लावलं, व्होल्टेज १.२ चं १.३५ झालं, संपला विषय. दोन तासांचा एक जुना लग्नाचा प्रोजेक्ट मी मोजमापासाठी ठेवलाय. तो एक्स२६५ (व्हिडिओची फाइल लहान करणारा एन्कोडर) मध्ये काढायला, म्हणजे रेंडर करायला, आधी ११८ मिनिटं लागायची, आता ११२. या सहा मिनिटांसाठी एक पैसाही गेला नाही.

मग हाव सुटली. आधी बॉक्ससोबतचा छोटा कूलर काढून टॉवर कूलर बसवला. सगळ्या कोअरला एकच वेग बांधून पाहिला, पण त्यात राम नाही. बूस्ट ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत हा प्रोसेसर स्वतःच जातो, आणि बांधलेल्या वेगात रिकाम्या वेळीही व्होल्टेज चढलेलंच राहतं. त्यापेक्षा पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरचा स्वतःचा बूस्ट ताणणारी सेटिंग) बरं. त्यात वीज-मर्यादा वाढवता येते. मूळ ७६ वॅटची मी ११० केली आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरला उणे २० दिलं, म्हणजे तेवढ्याच वेगाला व्होल्टेज कमी. तोच प्रोजेक्ट १०६ मिनिटांत निघाला. शेतात भरीत पार्ट्या चालू, रात्री खोलीत १८-२० डिग्री, आणि फुल लोडवर प्रोसेसर ७५ ला. मला वाटलं, आपल्याला जमलं.

इथे कर्व्ह ऑप्टिमायझरची एक खोड सांगतो, कारण तिने माझे दोन आठवडे खाल्ले. मशीन फुल लोडवर कधीच पडलं नाही. तासन्‌तास रेंडर व्हायचं. पडायचं ते नवरा-नवरीची नावं टाइप करताना, नाहीतर नुसतं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तरी. स्क्रीन काळी, थेट रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी १८, म्हणजे हार्डवेअरची चूक. कारण असं, की हलक्या कामात एकच कोअर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो आणि उणे व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. सिनेबेंच (फुल लोडची चाचणी) पास झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. कोअरसायकलर लावून एकेक कोअर रात्रभर तपासा. माझे दोन चांगले कोअर उणे २० ला तग धरेनात, त्यांना उणे ८ वर आणलं तेव्हा शांतता झाली. तोवर पहाटे तीनला आजी दारात येऊन विचारायची, "इतली रातले काय करी ऱ्हायना रे?" तिला काय सांगणार!

रॅमही ३६०० वर नेली. फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतला, रॅमशी जोडणारा मार्ग) १८००, सीएल (रॅमचं उत्तर यायला लागणारे ठोके) १८. मेमटेस्टच्या (रॅमच्या चाचणीच्या) चार फेऱ्या बिनचूक. पण गणित मांडलं तर ३२०० ला सीएल १६ आणि ३६०० ला सीएल १८, दोन्हींचे होतात १० नॅनोसेकंदच. बँडविड्थ तेवढी वाढते, पण माझ्या कामात फरक एका मिनिटाचाही पडला नाही. तरी ठेवलं. आकडा मोठा दिसत होता ना!

आणि आखाजी आली. आमच्याकडे लग्नसराई आणि ऊन एकदमच टिपेला असतं, म्हणजे मशीनवर वर्षातला सर्वात जास्त ताण वर्षातल्या सर्वात वाईट हवेत. खोलीत दुपारी ४० च्या वर. कूलर कितीही भारी घ्या, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. हिवाळ्यात खोलीच्या वर ५५ डिग्री होतं, तेच ५५ आता ४० वर चढले. याची मर्यादाच ९५. तिथे पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. जास्त वीज खाऊन काम जवळपास मूळ वेगाने, असा सगळा आनंद.

पण ते परवडलं. रॅमचं प्रकरण महागात पडलं. एक दिवस एका वरमामाचा फोन, "भाऊ, हळद हिरवी कशी काय दिसू राहिली?" पाहिलं तर खरंच, नवरदेवाच्या गालावर अर्धा सेकंद हिरवा चौकोन. तोच प्रोजेक्ट परत काढला तर चौकोन गायब. भर दुपारी मेमटेस्ट लावली, पहिल्याच फेरीत लाल ओळी. जानेवारीत पास झालेली तीच सेटिंग! प्रोसेसर चुकला तर निदान मशीन बंद पडून सांगतो. रॅम गुपचूप चुकते आणि तिची चूक थेट गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. त्या महिन्यातली सात लग्नं मी परत रेंडर केली आणि पुन्हा बसून पाहिली. सातही हळदी, सातही सप्तपद्या.

आता बायोसमध्ये दोन प्रोफाइल आहेत. 'हिवाळा'मध्ये ११० वॅट. 'आखाजी'मध्ये मूळ ७६ वॅट, कर्व्ह उणे १५, ते दोन कोअर मात्र उणे ८ वरच. रॅम दोन्हीकडे ३२०० ला, ३६०० चं नाव काढत नाही. 'आखाजी'वर तोच प्रोजेक्ट १०९ मिनिटांत निघतो आणि प्रोसेसर ८० च्या आसपास राहतो. म्हणजे ११० वॅट जाळून मिळत होती ती तीनच मिनिटं. लांब रेंडर रात्री दोननंतर लावतो.

खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरबद्दल बरेच जण विचारतात. मे महिन्यात हवा कोरडी, तेव्हा तो खोली खरंच उतरवतो. फक्त कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका, आमच्या बोअरच्या पाण्याची पांढरी पूड फॅनच्या जाळीवर बसते. पावसाळ्यात तो निव्वळ दमटपणा करतो, बंद ठेवलेला बरा.

वॉरंटीचं माहीत असू द्या. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान कंपनी धरत नाही, पीबीओसुद्धा त्यातच आलं. रॅमची सेटिंग चुकून स्क्रीनच आली नाही तर क्लिअर सीमॉस (बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडून बायोस मूळ सेटिंगवर आणणं) करावं लागतं. माझ्यावर तीनदा पाळी आली, म्हणून स्क्रू ड्रायव्हर आता कॅबिनेटवरच असतो.